यादीबाहेरची जबाबदारी

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि कोणते नियतकालिक विश्वासार्ह मानायचे हे ठरवण्याचे काम उच्च शिक्षण संस्थांवर व खुद्द संशोधकांवर सोपवले. या निर्णयाची प्राध्यापकवर्गात जी चर्चा झाली, ती बहुतांशी सोयी-गैरसोयीची होती. पदोन्नतीच्या वेळी आता कोणता शोधनिबंध धरणार आणि कोणता नाही, एवढ्यावरच ती थांबली. संशोधनात नुकते पाऊल टाकलेल्या व्यक्तीने आपले काम कोणासाठी, कोणत्या क्रमाने आणि किती सचोटीने लोकांपुढे ठेवायचे, हे मुळात एखादी यादी ठरवू शकते काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. आकाराने लहान असलेल्या या जिल्ह्यात गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय अभिमत विद्यापीठ आहे, १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचा निवासी डॉक्टर, हिंदी विश्वविद्यालयातील शोधार्थी आणि आर्वीच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत पीएच.डी. करणारी अध्यापिका यांची साधने आणि वेतन यांत जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी तिघांनाही पहिला सल्ला एकच मिळतो, तो म्हणजे लवकर काहीतरी छापून घ्या. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा सल्ला नीतीच्या दृष्टीने तर चुकीचा आहेच, पण ज्या व्यवहारी हिशेबापोटी तो दिला जातो त्या हिशेबातही तो तोट्याचा ठरला आहे.

याचा पुरावा गेल्या पंधरा वर्षांच्या नियमांतच सापडतो. २०१० च्या नियमावलीने ‘एपीआय’ म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले आणि शोधनिबंध ही मोजण्याची वस्तू झाली. निबंध मोजायचे म्हणजे ते कोठे छापलेले धरायचे हेही ठरवावे लागते, म्हणून जानेवारी २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी आली. तीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावे होती. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या विद्यापीठ-पुरस्कृत भागातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,३३६ नियतकालिकांची तपासणी केली आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत नसलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली आणि ती २०२५ मध्ये गेली. दरम्यान पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे, ही अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी काढून टाकली. वैद्यकीय शिक्षणातही हेच घडले : केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांतील लेख धरू नयेत असे २०१५ मध्ये सांगणाऱ्या वैद्यक परिषदेने २०२० मध्ये ग्राह्य सूचींचा पटच बदलला आणि खुल्या नियतकालिकांची सूचीही तीत घेतली.

ज्यांनी आपल्या उमेदवारीची वर्षे यांपैकी कोणत्या तरी एका यादीकडे पाहून आखली, त्यांच्या हाती पुढच्या यादीच्या दिवशी काय उरले, हे वेगळे सांगायला नको. याउलट ज्याने स्वतःच्या प्रश्नाचे काळजीपूर्वक उत्तर शोधून ते त्या विषयातील जाणकार जे नियतकालिक वाचतात त्यात छापले, त्याच्या निबंधाला यापैकी एकाही बदलाने बाधा आली नाही. नियमकर्त्यांचा दोष येथे मोठा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. मोजणीच्या या पद्धतीनेच बोगस जर्नलांना बाजारपेठ मिळवून दिली. परंतु व्यवस्थेचा दोष दाखवून झाल्यावरही, निबंधावर नाव आपले असते आणि ते आयुष्यभर तेथेच राहते, ही गोष्ट नवसंशोधकाला टाळता येत नाही.

म्हणून सल्ल्याची सुरुवात प्रकाशनापासून न करता प्रश्नापासून करावी लागते, आणि याबाबतीत वर्ध्यासारख्या ठिकाणचा संशोधक स्वतःला वाटतो तितका दुबळा नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयात काम करणाऱ्या ७२६ आरोग्यसेवकांमधील क्षयाच्या सुप्त संसर्गाचा, म्हणजे लक्षणे न दिसता शरीरात राहिलेल्या जंतूंचा, अभ्यास २००५ साली अमेरिकेच्या ‘जामा’ या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक मधुकर पै त्या काळात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि सहलेखकांत सेवाग्रामचे अनेक अध्यापक होते. त्वचेवरची जुनी ट्युबरक्युलिन चाचणी आणि रक्तातील इंटरफेरॉन-गॅमा मोजणारी नवी, महागडी चाचणी यांची तुलना करून त्यांनी दाखवले, की पहिलीने ४१ टक्के आणि दुसरीने ४० टक्के जणांना संसर्गित ठरवले, आणि निम्मे आरोग्यसेवक निदान एका चाचणीत तरी संसर्गित आढळले. नव्या तंत्राचा डंका पिटणारा हा निष्कर्ष नव्हता. महाग चाचणीने स्वस्त चाचणीपेक्षा फारसे वेगळे काही सांगितले नाही, असेच तो सांगत होता. तरीही तो जगाच्या उपयोगाचा ठरला, कारण क्षयरोग्यांच्या सततच्या सहवासात काम करणारे, बालपणी बीसीजी टोचलेले ग्रामीण रुग्णालयाचे कर्मचारी हा समूह श्रीमंत देशांतील प्रयोगशाळांना सहजी उपलब्ध नव्हता. जिल्ह्याचे स्थान हीच येथे संशोधनाची मोठी साधनसामग्री होती.

प्रश्न स्थानिक असला की उत्तर आपोआप खरे ठरते, असे मात्र नाही. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेल्या पवनारची कथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट, स्थलनामे आणि विनोबांच्या परमधाम आश्रमाच्या आवारात जमिनीतून मिळालेली रामकथेची शिल्पे यांच्या आधारे मांडले. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली पवनारला उत्खनन केले व त्याचा अहवाल लगेच पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. आपल्याकडे उत्खननांचे अहवाल दशके रखडतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या एका वर्षाचे मोल कळेल. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननात प्रवरेश्वर या नावाशी निगडित मुद्रा मिळाल्या आणि हान्स बक्कर यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रवरपूर मनसरला असल्याचे प्रतिपादन केले. मिराशींचे मत आज सर्वांना मान्य नाही, पण त्यांच्या विद्वत्तेला त्यामुळे उणेपणा येत नाही, कारण त्यांनी आपला पुरावा आणि त्यावरून काढलेले अनुमान असे वेगवेगळे मांडले होते, की पुढच्याला पुरावा तसाच ठेवून अनुमान तेवढे बदलता आले. संशोधकाचे चूक ठरणे हा गुन्हा नव्हे. आपण कशाच्या आधारे बोललो हे न सांगणे, आणि गोळा केलेली माहिती कपाटात कुलूपबंद ठेवणे, हे मात्र आचारभंगात मोडते.

दुसऱ्यांच्या कामाचा हवाला देण्याच्या रिवाजाकडेही याच कठोरपणे पाहायला हवे. नवसंशोधकांच्या निबंधांत संदर्भसूची लांबलचक असते, परंतु त्यातील किती ग्रंथ प्रत्यक्ष उघडून पाहिले गेले, हा प्रश्न तोंडी परीक्षेतही क्वचित विचारला जातो. वर्ध्यात जन्मलेले आणि सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी वर्ध्याजवळच्या गावांत काम करताना शेतमजुरांच्या किमान वेतनाचा जो अभ्यास केला, तो या संदर्भात आठवावा असा आहे. शासनाने ठरवलेले वेतन वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या हिशेबावर आधारलेले होते. तो अधिकृत अहवाल होता आणि कोणीही तो विनातक्रार उद्धृत केला असता. बंग यांनी त्यातील आकडेमोड पुन्हा करून पाहिली, मजुराच्या श्रमाला लागणारे अन्न आणि कुटुंबाच्या गरजा यांच्या गणितातील चुका दाखवल्या, आणि त्यातून झालेल्या चर्चेअंती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यातील हे वेतन दिवसाला ४ रुपयांवरून १२ रुपयांवर गेले. मुळातला आधार स्वतः तपासण्याच्या एका सवयीने राज्यभरच्या मजुरांच्या ताटात फरक पडला. या अभ्यासाला इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातील लेखांचा सरासरी किती वेळा हवाला दिला जातो याचा आकडा, किती होता असे विचारणे हास्यास्पद ठरेल.

आता लेखकत्वाचा प्रश्न, जो सर्वांत नाजूक आहे आणि ज्यावर विभागांमध्ये उघडपणे सर्वांत कमी बोलले जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणून नाव देण्यासाठी चार अटी एकत्रितपणे घातल्या आहेत : संकल्पनेत किंवा माहितीच्या संकलन-विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. यापैकी चौथी अट आपल्याकडे सर्रास विसरली जाते. विभागप्रमुख म्हणून, प्रयोगशाळेच्या चाव्या ज्यांच्याकडे आहेत म्हणून, किंवा सरांना वाईट वाटेल म्हणून दिलेले नाव हे त्या व्यक्तीला उद्याच्या चौकशीतही गुंतवत असते, हे देणाऱ्याच्याही ध्यानात नसते आणि घेणाऱ्याच्याही. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, त्याहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के गुण मिळतात. त्यामुळे नावांच्या क्रमावरून होणारे वाद आता केवळ मानापमानाचे राहिलेले नाहीत.

विद्यार्थ्याने मार्गदर्शकाशी भांडावे, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या समाजात गुरूविषयीचा आदर खोलवर रुजलेला आहे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जापासून प्रबंधाच्या परीक्षकांपर्यंत प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शकाची सही लागते, हे वास्तव डावलून दिलेला सल्ला कागदावरच राहतो. व्यवहार्य मार्ग असा, की लेखकांची नावे, त्यांचा क्रम आणि प्रत्येकाने करावयाचे काम यांची बोलणी माहिती गोळा करण्यापूर्वीच व्हावीत आणि ती लेखी नोंदवली जावीत. एखादा साधा ईमेलही पुरतो. काम संपल्यावर हाच विषय काढला तर तो उद्धटपणा वाटतो. आरंभी काढला तर ती शिस्त मानली जाते. जे मार्गदर्शक स्वतःच ही बोलणी सुरू करतात, त्यांच्या विद्यार्थ्यांना पुढे असा ईमेल लिहिण्याचे धाडस गोळा करावे लागत नाही, आणि खरे तर ही जबाबदारी ज्येष्ठांचीच आहे.

वाङ्मयचौर्याबाबत २०१८ च्या नियमांनी साम्याच्या टक्केवारीचे टप्पे ठरवले : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची मनाई आणि त्यापुढे नोंदणी रद्द. हेतू चांगला होता, पण त्यातून एक विचित्र समजूत पसरली, की नऊ टक्के चोरी कायदेशीर आहे. संगणक शब्दांचे साम्य मोजतो, कल्पनेचे मूळ तो ओळखत नाही. दुसऱ्याचा युक्तिवाद संपूर्णपणे स्वतःच्या शब्दांत लिहून नाव न सांगणाऱ्याचा अहवाल शून्य टक्के येऊ शकतो, तर कायद्याची कलमे प्रामाणिकपणे उद्धृत करणाऱ्याचा वीस टक्के. मराठी-हिंदीतील छापील ग्रंथ फार मोठ्या प्रमाणात अद्याप अंकीय स्वरूपात नसल्याने, त्यांतून उचललेला मजकूर यंत्राला दिसतही नाही. वर्ध्यात हिंदी आणि मराठीत लिहिणारे शोधार्थी मोठ्या संख्येने असल्यामुळे येथे यंत्राच्या निर्वाळ्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हेच तत्त्व लागू पडते : भाषा सुधारण्यासाठी त्यांचा वापर केला तर तो नमूद करावा, आणि त्यांनी सुचवलेला एकही संदर्भ मूळ ठिकाणी पाहिल्याशिवाय सूचीत घालू नये.

नियतकालिकाची निवड हा भाग तुलनेने सोपा आहे, कारण त्यासाठी लागते ती थोडी सावधगिरी. आयएसएसएन हा केवळ नोंदणी क्रमांक आहे, तो दर्जाचा दाखला नाही. चार दिवसांत स्वीकृतीचे पत्र पाठवणारे, एकाच अंकात कापसाच्या अर्थकारणापासून कबीराच्या दोह्यांपर्यंत सर्व काही छापणारे आणि शुल्काचा आकडा निबंध स्वीकारल्यावर कळवणारे नियतकालिक कोणत्याही यादीत असले तरी टाळावे. मात्र वाचायला खुले ते सारे बोगस, हा उलट टोकाचा समजही खरा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने लेखकाकडून पैसे न घेता वाचकालाही सर्व मजकूर खुला ठेवण्याचा पायंडा बराच आधी पाडला होता. सर्वांत भरवशाची कसोटी अशी, की आपल्या विषयातील ज्या पाच-सहा अभ्यासकांचे लेखन आपण आदराने वाचतो, ते तेथे लिहितात काय आणि ते नियतकालिक वाचतात काय, हे पाहावे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके उपलब्ध होऊ लागली आहेत, तेव्हा निदान या संस्थांपुरती तरी वाचायलाच मिळत नाही ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. खाजगी महाविद्यालयांतील शिक्षकांची अडचण मात्र कायम आहे. चुकीच्या जागी छापल्याने मोठमोठ्यांनाही किंमत मोजावी लागते, हेही लक्षात ठेवावे : दा. ध. कोसंबींसारख्या प्रज्ञावंताने १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे गणितातील एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची, सिद्धता म्हणून जे मांडले, ते कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापले, जेथे ते तपासू शकणारे गणिती नव्हते. सिद्धता सदोष निघाली आणि त्यांच्या गणिती लौकिकाला धक्का बसला.

तज्ज्ञ-परीक्षण, म्हणजे त्याच विषयातील अभ्यासकांकडून छापण्यापूर्वी होणारी तपासणी, हे येथे दुखावणारे असले तरी तारणारे असते. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने, शांतपणे उत्तर द्यावे, जेथे तो चुकला आहे असे वाटते तेथे पुराव्यासह तसे लिहावे, आणि नकार आला तर दुसरीकडे पाठवण्यापूर्वी रास्त आक्षेपांचा विचार करून मसुदा सुधारावा. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे किंवा एका अभ्यासाचे तुकडे करून चार निबंध करणे हे आपल्याकडे हुशारीचे लक्षण समजले जाते. संपादकांच्या दृष्टीने तो गैरव्यवहार आहे.

या सगळ्या नियमांत ज्याला जागा मिळत नाही, असा एक पक्ष उरतो : ज्यांच्याकडून माहिती घेतली ते लोक. शेतकऱ्यांसाठीच्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत वर्धा होता, आणि शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नामुळे त्या काळापासून विदर्भातील गावांत प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. त्यातील काही अभ्यास उत्तम होते आणि धोरणांवर त्यांचा परिणामही झाला. परंतु नवऱ्याच्या मृत्यूची हकिगत तिसऱ्या-चौथ्या अनोळखी माणसाला सांगणाऱ्या स्त्रीला, तिच्या उत्तरांतून पुढे काय निघाले हे परत येऊन सांगण्याची तरतूद किती प्रबंधांच्या आराखड्यांत असते? नीतिसमितीच्या संमतिपत्रावर अंगठा घेतल्याने कायद्याची गरज भागते, ऋण मात्र फिटत नाही. वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी २०१८ पासून पहिला सहभागी घेण्यापूर्वीच करावी लागते, तशी सक्ती सामाजिक शास्त्रांत नाही, आणि म्हणूनच येथे संशोधकाच्या विवेकावर अधिक भार पडतो.

निष्कर्ष लोकांपर्यंत परत नेण्याची एक परंपरा वर्ध्यात होती. जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये लेखापालन आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी आणि पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडातील उद्योगांची पाहणी त्यांनी केली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चालवताना त्यांनी ‘ग्राम उद्योग पत्रिका’ काढली, आणि घाणी, चक्की, कागद, मधमाश्या यांवर जे प्रयोग होत त्यांचे निष्कर्ष ज्यांना ते वापरायचे होते त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हेच तिचे काम होते. आजचा संशोधक इंग्रजी नियतकालिकात लिहील आणि त्याने तसे लिहावेही, कारण जगातल्या जाणकारांची तपासणी टाळणे हा देशीपणा नव्हे. मात्र त्याच निष्कर्षांचा चार पानांचा मराठी गोषवारा संबंधित ग्रामपंचायतीला, आशा कार्यकर्त्यांना किंवा बचत गटाला दिल्याशिवाय अभ्यास पूर्ण झाला असे मानू नये. हा गोषवारा लिहिताना आपल्या निबंधात काय पोकळ होते हेही अनेकदा कळते.

यादी गेल्यामुळे आयोगाने आता काही मार्गदर्शक निकष सुचवून संस्थांना स्वतःची यंत्रणा उभारायला सांगितले आहे, आणि भीती अशी आहे, की प्रत्येक महाविद्यालय आपली एक छोटी यादी तयार करून मोकळे होईल. वर्धा जिल्ह्यातील संस्थाप्रमुखांना आणि निवड समित्यांवर बसणाऱ्या ज्येष्ठांना विनंती एवढीच, की उमेदवाराकडून शोधनिबंधांची संख्या मागण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेला एकच निबंध मागवावा, मुलाखतीपूर्वी तो प्रत्यक्ष वाचावा, आणि हा प्रश्न कसा सुचला, माहिती कोठून आली, सहलेखकांनी काय केले व निष्कर्ष गावाला कळवला काय, हे त्याला समोरासमोर विचारावे. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.